पोट साफ होण्याचा हट्ट

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका फिजिशियन डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

फळ्यावर विषय लिहिलाय 'बद्धकोष्ठ आणि रेचकाचा सुरक्षित वापर'. सेक्रेटरी काकांना धाकधूक होती, असल्या विषयाला माणसं येतील का म्हणून. आता मागे सतरंजी घालावी लागली आहे. म्हणजे दुखणं घराघरात आहे, चारचौघांत कुणी काढत नाही इतकंच.

आधी एक विचारते. पोट साफ होण्यासाठी गोळी कोण कोण घेतं? हात वर करा. तीन, चार... बरं. आणि रात्री चूर्ण कोण घेतं? बघा! अर्धं सभागृह. एक ताई तर दोन्ही वेळा हात वर करायच्या राहिल्या, त्यांच्या यजमानांनी त्यांचा हात धरून वर केला. हसा, पण मला आज जे बोलायचंय ते नेमकं हेच आहे. गोळी म्हणजे औषध, आणि चूर्ण म्हणजे घरचंच काहीतरी, असं आपण धरून चालतो.

घरी गेलात की डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक चूर्णांत सोनामुखी सापडेल. काही डब्यांवर तिला स्वर्णपत्री लिहितात, इंग्रजी लेबलवर सेना. ही पानं तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे पिकतात आणि त्याच गावाच्या नावानं जगभर विकली जातात. इंग्लंड-अमेरिकेत केमिस्टकडे सेनाच्या गोळ्या मिळतात, त्यातलं औषधी द्रव्यही ह्याच वनस्पतीचं. ते जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ तसंच पुढे जातं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि मग ते आतड्याच्या भिंतीला चेतवतं. आतडं जोरानं आकुंचन पावतं, पाणी शोषून घेणं कमी होतं, मल पातळ होऊन पुढे सरकतो. ह्या सगळ्याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घ्यायचं. केमिस्टकडची बिसाकोडिलची गोळी घ्या, तिचीही तऱ्हा जवळपास हीच. आम्ही दोघांनाही एकाच खान्यात ठेवतो, उत्तेजक रेचकं. एकाला झाडपाला म्हणून माफी आणि दुसऱ्याला केमिकल म्हणून शिक्षा, हा न्याय आतडं जाणत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जरा लांबेल. एक काका, सरकारी नोकरीतून निवृत्त, अतिशय शिस्तीचे. पायात गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, छातीत मधेच धडधडतं म्हणून मुलगा घेऊन आला. रक्तात पोटॅशियम, म्हणजे स्नायू आणि हृदय नीट चालायला लागणारा क्षार, निघालं अडीचच्या आसपास. ते साडेतीनच्या खाली जाऊ नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तिनं पोटॅशियम उतरतं हे ठाऊक होतं, पण एवढं? मी विचारलं, "जुलाब होतात का?" "छे!" "पोटासाठी काही औषध?" "अजिबात नाही. मला औषधांचा तिटकारा आहे." मुलगाही मान डोलावतोय. आणि मग काकूंनी पिशवीतून डबा काढला. जुना, पत्र्याचा, झाकणाच्या कडेला तपकिरी पूड चिकटून घट्ट झालेली. आत कंपनीचा छोटा प्लास्टिकचा चमचा तळाशी गाडला गेलेला, आणि वर स्टीलचा, पोहे खायचा चमचा. मी म्हटलं, "हा कधीपासून?" काकू म्हणाल्या, "आधी त्या छोट्यानं अर्धा घ्यायचे. मग पूर्ण. मग हा आला. आता ह्यानं दोन, शीग लावून."

काका मनापासून चकित झाले होते. "डॉक्टर, ते औषध नाही, ते चूर्ण आहे." त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. त्यांच्या मनात तो डबा औषधाच्या फळीवर नव्हताच, तो लोणच्याच्या बरणीशेजारी होता. भिंगानं लेबल वाचून दाखवलं. सोनामुखी पहिल्याच ओळीत. आणि खाली, 'वैद्यकीय सल्ल्याशिवाय दीर्घकाळ घेऊ नये'. त्या वेळी मला कंपनीचा नाही, आपल्या सगळ्यांच्या त्या समजुतीचा राग आला. पातळ शौचावाटे पोटॅशियम जात होतं, लघवीवाटे जात होतं. पोटॅशियम उतरलं की आतड्याचे स्नायूही मंदावतात. म्हणजे बद्धकोष्ठ वाढतं, म्हणजे चमचा मोठा होतो.

पण चमचा मुळात मोठा का झाला? माझं खरं सांगणं इथे आहे, तेव्हा मोबाइल जरा खाली ठेवा.

निरोगी माणसाला दिवसातून तीनदा होणं आणि आठवड्यातून तीनदा होणं, दोन्ही ठीक मानतात. रोज सकाळी चहाआधी, लख्ख, हा नियम निसर्गानं केलेला नाही. आता समजा दोन दिवस झालं नाही म्हणून तुम्ही कडक रेचक घेतलंत. सकाळी एरवी शेवटच्या टप्प्यापुरतं रिकामं व्हायचं ते आतडं बरंच वरपर्यंत रिकामं झालं. पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच होत नाही. होणार कसं? आत आहेच काय? पण माणूस म्हणतो, "बघा, औषध घेतलं की होतं, नाही घेतलं की नाही." आणि रात्री पुन्हा घेतो. हा सापळा ह्याच एका दिवसात बसतो. रेचकानंतरच्या त्या कोरड्या दिवसाला बद्धकोष्ठ समजू नका. एवढं कळलं तरी निम्मे डबे बंद होतील.

'सवय लागते, आतडं आळशी होतं' असं सरसकट सांगतात. ते मी तसं सांगणार नाही. नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या बिसाकोडिल किंवा सोनामुखीनं आतड्याच्या नसा कायमच्या निकामी होतात, ह्याला भक्कम पुरावा नाही. वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीत काळपट दिसतं. माणूस घाबरतो. ते घातक नाही, बंद केल्यावर काही महिन्यांत हळूहळू जातं. लघवीही पिवळट-तांबूस होते कधीकधी. भीती घालून कुणाचं पोट साफ होत नाही. ज्याला गरज आहे त्यानं अपराधी न वाटता गोळी घ्यावी, पण गोळी आहे हे जाणून घ्यावी.

आपल्या पिढीचं एरंडेल आठवतंय ना? रविवारी सकाळी, नाक दाबून, वर आल्याचा चहा, दुपारी मऊ भात. एरंडेल लहान आतड्यातच काम सुरू करतं, म्हणून दोन ते सहा तासांत धावपळ. पोरांना दर महिन्याला 'कोठा धुवायला' ते देण्याची काहीही गरज नव्हती आणि नातवंडांना तर मुळीच देऊ नका. गरोदर सुनेलाही नाही, त्यानं गर्भाशयाला कळा येऊ शकतात. आणि 'मशेरी लावल्याशिवाय होत नाही' म्हणणाऱ्या माझ्या मावश्या-काकूंना हात जोडून सांगते, त्या मशेरीनं तोंडाचा कॅन्सर होतो. तिच्यापेक्षा गोळी शंभर पटीनं बरी.

अजून एक, आणि ह्यावर मला दर वेळी संताप येतो. चरकसंहितेत सूत्रस्थानातला सातवा अध्याय नैसर्गिक वेग अडवू नयेत ह्यापासूनच सुरू होतो. आणि आपल्या बायका? एसटीच्या प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण स्टँडवरच्या संडासात जाववत नाही. शाळेतल्या बाई, बाजारात भाजी विकणारी, बंदोबस्तावरची पोलीस, सगळ्या तासन्‌तास दाबून धरतात. घरी सगळ्यांचे डबे भरून होईपर्यंत सकाळची कळ विरून जाते. न्याहारीनंतर आतडं आपोआप हलतं, ती वेळ बाईला स्वतःसाठी मिळतच नाही. हे बद्धकोष्ठ तिच्या पोटात तयार झालेलं नसतं, घरानं आणि गावानं केलेलं असतं. त्यावर मी चूर्ण काय लिहून देऊ? तिला दहा मिनिटं आणि स्वच्छ संडास द्या.

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणे. म्हणजे फळ्यावरचा विषय आता पळत पळत घ्यावा लागणार. कागद-पेन काढा.

गोळी घेण्याआधी बाकीच्या गोळ्या बघा. लोह, कॅल्शियम, अ‍ॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्या, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, खोकल्याचं कोडीन, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन, ह्या सगळ्यांनी शौचाला घट्ट होतं. थायरॉइड कमी असणं, मधुमेह, पार्किन्सन हीही कारणं. मूळ तिथे असेल तर तिथेच उपाय. रोजच्यासाठी आधी भाज्या, पाणी, चालणं, इसबगोल. इसबगोल मोठा पेला भरून पाण्याबरोबरच, नाहीतर तेच अडकतं. त्यानं भागलं नाही तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोज, ही पाणी धरून ठेवणारी औषधं डॉक्टरांना विचारून रोज चालतात.

बिसाकोडिल हे अडीनडीचं. पाच मिलिग्रॅमची एक गोळी, रात्री, साध्या पाण्याबरोबर, अख्खी. चावायची नाही, कुटायची नाही. तिच्यावरचं कवच जठरात विरघळू नये म्हणून दिलेलं असतं. आपल्याकडे झोपताना कोमट दुधाबरोबर गोळी घ्यायची पद्धत आहे, ती इथे मोडा. दूध किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध ह्यांच्यात आणि गोळीत निदान तासाभराचं अंतर हवं, नाहीतर कवच वरच सुटतं आणि पोटात मुरडा येतो. सकाळी झालं नाही म्हणून लगेच दुसरी घेऊ नका. झालं, तर पुढचे दोन दिवस वाट बघा. सोनामुखीलाही हेच नियम, आणि गोळी व चूर्ण एकाच रात्री नाही. स्वतःच्या मनानं आठवड्यापेक्षा जास्त दिवस ओढू नका. २०२३ साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनातही बिसाकोडिल थोड्या काळासाठी, चार आठवडे किंवा कमी, नाहीतर मधूनअधून गरजेपुरतं, असंच म्हटलंय. लघवीची गोळी किंवा हृदयासाठीचं डिगॉक्सिन चालू असेल, मूत्रपिंड अशक्त असेल, तर विचारल्याशिवाय एकही नाही.

पोट दुखतंय, फुगलंय, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, अशा वेळी रेचक घ्यायचंच नाही. तडक दवाखाना. आतडं अडलेलं असेल किंवा अपेंडिक्स असेल, तर रेचकानं ते फुटण्याचा धोका वाढतो. शौचावाटे रक्त, न सांगता उतरलेलं वजन, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, हे दिसलं की चूर्ण बाजूला ठेवून तपासणी. आणि अंथरुणावर पडून असलेल्या आजींना आठवडाभर शौच न होता एकदम पाण्यासारखं गळायला लागलं, तर तो जुलाब समजून बंद करायची गोळी देऊ नका. आत वाळलेल्या मलाचा खडा बसलेला असतो आणि कडेनं पाणी झिरपत असतं.

शेवटी एक अपवाद. कॅन्सरच्या वेदनांसाठी मॉर्फिन चालू असलेल्या माणसाला मी आत्ता सांगितलेलं 'दोन दिवस थांबा, आठवड्यात बंद करा' लागू नाही. मॉर्फिन आतडं रोज मंद करतं, म्हणून त्याला रेचकही रोज, पहिल्या दिवसापासून लागतं. आज घरी जाऊन उत्साहात कुणी तशा पेशंटची गोळी बंद करू नका.