आठवणीतलं ताट

[पडद्यावर: चौकटींचा कोरा फॉर्म]

गेल्या वर्षभरात तुम्ही गाजर किती वेळा खाल्लं? महिन्यातून एकदा? आठवड्यातून दोन-चारदा? रोज?

खरंच आठवून बघा. गाजराचा हंगाम होता तेव्हाचं, नव्हता तेव्हाचं, घरचं, बाहेरचं, सगळं धरून सरासरी काढा. मग तसंच लोण्याचं, अंड्यांचं, मांसाचं.

१९८० साली अमेरिकेच्या ‘नर्सेस हेल्थ स्टडी’तल्या परिचारिकांना अशी ६१ पदार्थांची यादी पाठवली गेली. ८९,५३८ जणींच्या उत्तरांवरून १९८७ मध्ये निष्कर्ष आला, की जास्त चरबी खाणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आढळत नाही.

पण हे चरबीबद्दल कळलं, की चरबीच्या आठवणीबद्दल?

[पडद्यावर: छोट्या बाटलीतलं पाणी]

पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं थेट प्रश्नावलीचीच परीक्षा घेतली. मेरीलँड राज्यात, १९९९च्या सप्टेंबरपासून २०००च्या मार्चपर्यंत. अभ्यासाचं नाव ‘ओपन’, स्वयंसेवक ४८४.

त्यांना एक खास पाणी प्यायला दिलं. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू नेहमीपेक्षा जड होते. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो पाण्यावाटे. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या वेगातला फरक मोजला, की शरीरानं किती इंधन जाळलं ते कळतं. आणि वजन स्थिर असेल, तर जेवढं जाळलं तेवढंच खाल्लं असणार. प्रथिनांसाठी चोवीस तासांची लघवी गोळा केली, कारण खाल्लेल्या नायट्रोजनपैकी बहुतेक तिथूनच बाहेर पडतो. इथे आठवणीचा संबंधच नाही.

मग ते आकडे लोकांच्या उत्तरांशेजारी ठेवले. प्रश्नावलीत पुरुषांनी ऊर्जा ३१ ते ३६ टक्के कमी सांगितली होती, स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्के. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कागदावर आलाच नाही. फक्त आदल्या दिवसाचं विचारलं, तेव्हा चूक बरीच कमी झाली, पण गेली नाही.

या माणसांना खोटारडं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. येताजाता तोंडात टाकलेलं कोण मोजतं? शिवाय वजन जास्त असलेली माणसं अधिक कमी सांगतात, असंही दिसलं. खरी अडचण तीच आहे. चूक दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली असती, तर हजारो उत्तरांत ती बरीचशी जिरली असती. एकाच बाजूला झुकलेली चूक लाखभर माणसं घेतली तरी तशीच राहते.

[पडद्यावर: हस्ताक्षरातली वही]

इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये आहार-संशोधक शीला बिंगहॅम यांच्या गटानं दुसरी वाट धरली. तिथल्या बायकांनी प्रश्नावलीही भरली आणि सात दिवस, खाल्लं की लगेच, वहीत नोंदही केली. २००३ साली प्रसिद्ध झालेला निकाल चकित करणारा होता. वहीप्रमाणे संपृक्त चरबी (लोण्या-तुपात भरपूर असते ती) आणि स्तनाचा कर्करोग यांच्यात संबंध दिसत होता. त्याच बायकांच्या प्रश्नावलीत तो पुसट झाला होता, खात्रीनं सांगावा इतका उरला नव्हता.

वाद इथे संपला असता तर सोपं होतं. पण २०११ मध्ये ब्रिटनमधल्या अनेक अभ्यासांच्या वह्या एकत्र केल्या, कर्करोग झालेल्या ६५७ स्त्रिया धरून, आणि तेव्हा वह्यांमध्येही संबंध सापडला नाही. नॉरफोकचा निकाल कदाचित थोड्या रुग्णांवर उभा होता. तिथे त्या फक्त १६८ होत्या. वहीही निर्दोष नसते. रोज लिहायचं म्हटलं, की माणूस खाणंच बदलतो.

ऊर्जेला जड पाणी मिळालं. प्रथिनांना, सोडियमला, पोटॅशियमला लघवीची साक्ष मिळाली. आपण किती चरबी खाल्ली, हे त्याच खात्रीनं मोजून देणारी चाचणी मात्र अजून नाही.

[पडद्यावर: पुन्हा तोच फॉर्म. ‘लोणी’ या शब्दापुढची चौकट रिकामी]