इथले लोक म्हणजे कोण?

(नैरोबीतील मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीने मला 'महाराष्ट्राची वाटचाल' हा विषय दिला होता. तयारीही झाली होती. पण दोन आठवड्यांपूर्वी घरात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मनात दुसरं काही थांबत नाही. म्हणून त्याबद्दलच बोलते.

शनिवारी आम्ही एनगाऱ्याहून भाजी घेऊन परतत होतो. लेक मागच्या सीटवर, पट्टा न लावता. चौकात पोलिसांनी गाडी अडवली. पुढचं इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. परवान्याच्या घडीतून नोट गेली, परवाना रिकामा परत आला. 'किटू किडोगो', म्हणजे 'थोडंसं काहीतरी', हे लाचेचे शब्द उच्चारावेही लागले नाहीत. घरी येऊन पिशव्या ओट्यावर ठेवताना मी म्हणाले, "इथल्या लोकांची मानसिकताच अशी. हा देश पुढे जायचा कसा?"

लेक दहा वर्षांची आहे. तिने विचारलं, "आई, इथले लोक म्हणजे कोण? पैसे तर बाबांनी दिले."

हे चिडले. कोर्टात दिवस घालवायला हवा होता का, म्हणाले. मी म्हणाले, निदान तिने पट्टा लावलाय का ते बघायचं. ते म्हणाले, तिच्या शेजारी तू बसली होतीस. आणि मग पोरीसमोर आमचं जे वाजलं, ते रात्रीच्या जेवणापर्यंत मिटलं नाही.

ती उलट बोलली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. ती इथे जन्मली, शाळेत झेंड्यापुढे स्वाहिलीतलं राष्ट्रगीत म्हणते. 'इथले लोक' म्हटल्यावर तिला आपण तिघंही त्यात दिसलो.

'मानसिकता' हा शब्द आपल्या जेवणावळीत किती वेळा येतो! आपण तो सहसा दुसऱ्याबद्दलच वापरतो. आणि त्या शब्दाला या देशात जुना इतिहास आहे. मोम्बासाला जाताना डाव्या हाताला दूरवर डोंगर सोडून आपण पुढे जातो, पण मचाकोसच्या उतारांवर एकदा मुद्दाम थांबा. 1930 च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी या मुलुखाबद्दल जवळजवळ आशा सोडली होती. माती वाहून चाललेली, ओघळी पडलेल्या, आणि दोष सगळा तिथल्या कांबा जमातीच्या शेतकऱ्यांच्या माथी. जनावरं सक्तीने विकायला लावली, तेव्हा 1938 मध्ये त्यांचे नेते मुइंदी म्बिंगू यांच्या मागोमाग हजारो कांबा नैरोबीपर्यंत चालत आले. बांधही सक्तीने घालायला लावले. लोकांना त्या बांधांचा तिटकारा होता, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षं ते तसेच ढासळू दिले गेले.

मग त्याच लोकांनी आपण होऊन बांध घातले. समपातळीवर चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला फेकायची. तिथे त्याला 'फान्या जू' म्हणतात. बायकांचे 'म्वेथ्या' गट आज हिच्या शेतात, उद्या तिच्या शेतात. 1990 पर्यंत लोकसंख्या पाचपटींहून जास्त झाली आणि तरीही धूप पूर्वीपेक्षा कमी होती. मधल्या काळात स्वभाव पालटला म्हणायचं का? कॉफी लावायची मुभा मिळाली, नैरोबीची बाजारपेठ हाताशी आली, जमिनीवर स्वतःचं नाव लागलं. मेहनत मात्र दुसऱ्या कुणी येऊन केली नाही.

मी माण तालुक्यातली. बहात्तरची सुकडी आमच्या घरी अजून आठवणीत आहे. आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, पण घरची ताल फुटली की त्याच संध्याकाळी फावडं घेऊन उभी असायची. तिला कुणी 'जबाबदारी' हा शब्द शिकवला नव्हता. रान तिचं होतं, एवढंच.

मला छळतो तो प्रश्न इथेच आहे. हे रान आपलं आहे का?

रविवारी आपल्यातले निम्मे लोक करुराच्या जंगलात चालायला जातात. 1999 च्या जानेवारीत तिथे रोपं लावायला गेलेल्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाईंना मारहाण झाली, डोकं फुटलं. ते जंगल बिल्डरांच्या घशात जायचं होतं. 1977 पासून खेड्यातल्या बायकांना घेऊन त्यांनी कोट्यवधी झाडं लावली. त्यांच्या शिबिरांत आधी सगळ्यांनी आपापल्या अडचणी सांगायच्या. यादी मोठी व्हायची, आणि कारण विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण सरकारकडे बोट दाखवायचा. सरकारचा दोष त्यांनी कधी झाकला नाही, त्यासाठी तुरुंगातही गेल्या. पण त्या पुढे विचारायच्या: ही जमीन तुमची, मग तिची माती वाहून जाताना तुम्ही काय करत होता?

आपण काय करत होतो? 25 जून 2024 ला इथली तरुण मुलं कराचा हिशोब मागत रस्त्यावर आली, त्यात काहींचा जीव गेला. त्या दिवशी आपण फाटकं लावून व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटांचे दर बघत होतो. मीही बघत होते. भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण कर आपणही भरतो, मग हिशोब आपल्याला का नको होता?

'हरांबे', म्हणजे 'सगळे मिळून जोर लावू या' ही इथली हाक. तो शब्द रेल्वेवर राबलेल्या आपल्या मजुरांच्या 'हर अंबे'वरून आला, ही गोष्ट आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. भाषेचे जाणकार ती मानत नाहीत. शब्दावर हक्क सांगायला आपण उत्सुक असतो, पण त्या हाकेला ओ देत गावोगावच्या लोकांनी वर्गणी आणि श्रमदानातून ज्या शाळा उभ्या केल्या, त्यांतल्या एकीच्या तरी आवारात आपण कधी गेलो का? गणपतीची वर्गणी आपण एका संध्याकाळी जमवतो. आपल्या घरी काम करणाऱ्या बाई त्यांच्या 'चामा'तून, म्हणजे बचत गटातून, गावाकडे जमिनीचा तुकडा घेतात. आपली भिशी आणि त्यांचा चामा, पद्धत तीच. एकत्र एक चामा आपण कधी काढला नाही.

सध्या पावसाळा आहे. परवा आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं. मी फोन उचलून तक्रार करायला निघाले, आणि लेक खिडकीशी उभी होती. ती काही बोलली नाही. मी फोन ठेवला, शेजारच्या दोन घरी गेले. आम्ही तिघी आणि दोन वॉचमन, तासाभरात पाणी निघालं. गाळात पहिली हाताला लागली ती आमच्याच घरची दुधाची रिकामी पाकिटं.

पण तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. कारण आम्ही तिच्या कॉलेजसाठी पैसे साठवतोय ते कॅनडाचे. तुमच्यापैकी बहुतेकांचंही तसंच आहे. ज्या देशातून मुलीला आठ वर्षांनी बाहेर पाठवायचं ठरवून ठेवलंय, त्याची काळजी तिने आज आपली म्हणून घ्यावी, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? गेल्या आठवड्यात शाळेने स्वाहिलीत निबंध दिलाय, 'न्ची यांगू', माझा देश. तिने विचारलं, "कोणता लिहू?" मी म्हणाले, थांब, बाबांना येऊ दे. वही अजून जेवणाच्या टेबलावर आहे.