सूर्य नसलेल्या गावातले रक्तपिपासू

मंडळी, व्हॅम्पायर उन्हात जळून मरतो, हे आपण आता इतकं गृहीत धरतो की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये भरदिवसा हिंडतो. दिवसा त्याची ताकद घटते, इतकंच. ऊन लागलं की खलास, हा नियम रूढ केला सिनेमाने, १९२२ साली आलेल्या, दिग्दर्शक मुर्नाउच्या 'नोस्फेराटू'ने. आणि २००७ साली एका सिनेमानेच त्या नियमाला पेचात पकडलं: हे लोक सूर्य उगवतच नाही अशा गावात गेले तर?

'थर्टी डेज ऑफ नाइट'. दिग्दर्शक डेव्हिड स्लेड, मूळ कॉमिक स्टीव्ह नाइल्स आणि बेन टेम्पलस्मिथ यांचं. गाव बॅरो, अलास्काच्या पार उत्तर टोकाला. २०१६ साली मतदान होऊन त्याचं उत्कियाग्विक हे जुनं नाव परत आलं. हे गाव खरं आहे, आणि बाहेरून तिथे जायला रस्ता नाही, हेही खरं आहे. विमानाने जायचं; जड सामान उन्हाळ्यात बोटीने येतं. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य मावळतो तो जानेवारी संपत आल्यावर दिसतो. म्हणजे रात्र साधारण पासष्ट दिवसांची. सिनेमाने ती निम्म्याहून कमी केली. शिवाय तिथे त्या काळात ठार काळोख नसतो. दुपारी काही तास क्षितिजाशी संधिप्रकाश असतो. दिग्दर्शकाने तो पुसून टाकला. माझ्या मते चूक केली. उजाडेल असं वाटायला लावून न उजाडणं, यात जास्त भीती होती.

सुरुवात मात्र फार हुशारीने रचली आहे. रक्त सांडायच्या आधी एक अनोळखी माणूस गावात येतो. सॅटेलाइट फोन जळतात, स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारी कुत्री मारली जातात, हेलिकॉप्टर मोडलं जातं. एकेक दार बंद होत जातं आणि शेरीफ एबनला, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाला, काय चाललंय ते उमगत नाही. मग तो कत्तलीचा प्रसंग: कॅमेरा वरून, गावावरून सरकत जातो, खाली पांढऱ्या रस्त्यावर माणसं धावताहेत, पडताहेत, बर्फावर लाल डाग. चेहरे दिसत नाहीत. भयपट सहसा चेहऱ्याला चिकटतो. इथे अंतर ठेवल्यानेच अंगावर काटा येतो.

पुढे गडबड होते. वाचलेल्यांनी तीस दिवस माळ्यावर लपून राहायचं म्हणजे भूक, थंडी, एकमेकांचा वैताग. पटकथा त्यावरून उड्या मारते. पाटी येते, इतके दिवस झाले, आणि आपण ते निमूटपणे मान्य करायचं. महिना गेल्यासारखा वाटतच नाही. दुसरी तक्रार त्याहून मोठी: या गावात बहुसंख्य लोक इन्युपियाट, म्हणजे उत्तर अलास्काचे मूळ रहिवासी, आहेत. शतकानुशतकं ते या किनाऱ्यावर राहतात, देवमाशाची शिकार करतात, लांब रात्र त्यांच्या अंगवळणी पडलेली. पडद्यावर ते जवळजवळ नाहीतच. चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झालं, ही काही सबब नव्हे. त्या रात्रीचा अनुभव पिढ्यानपिढ्या गाठीशी असलेली माणसं कथेत असती, तर रक्तपिपासूंची इतकी सोपी मेजवानी झाली नसती. आणि सिनेमा अधिक चांगला झाला असता.

शेवट सांगत नाही, काहींनी पाहिला नसेल. कत्तलीचा प्रसंग आता लावतो; आवाज बंद ठेवून पाहू, मग प्रश्न घेऊ.