दोनशे माणसांचं छप्पर

[दृश्य : सकाळचं धुकं. उंच, उतरतं गवती छप्पर. त्यावर ओळींनी उभी माणसं. आवाज फक्त गवत थापटल्याचा.]

उतार साठ अंशांच्या आसपासचा. छपराला आडव्या बल्ल्या बांधल्यात आणि प्रत्येक बल्लीवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. खालून गवताच्या पेंढ्या हातातून हातात वर सरकतात. वरचे लोक त्या रचतात, लाकडी थापीने ठोकतात, बांधतात आणि पुढच्या थराला हात लावतात. अंगणात लांब उभा राहिलेला एखादा जाणता माणूस मधूनच हाक देतो, थर कुठे फुगला, कुठे दबला ते सांगतो. छपरावर उभं राहून छपराची रेघ दिसत नाही. ती दुरूनच बघावी लागते.

ज्यांचं हे घर आहे, ते या गर्दीत कुठेतरी आहेत. बाकी सगळे शेजारी.

[दृश्य : डोंगरांच्या मधलं खोरं, नदी, भातखाचरं, त्यात पेरल्यासारखी उभी घरं.]

हे ओगिमाची. जपानच्या गिफू प्रांतात, हाकुसान पर्वताच्या बाजूला, शोगावा नदीच्या काठी शिराकावा-गो नावाचा मुलूख आहे. ओगिमाची ही त्यातली मोठी वाडी. शेजारच्या तोयामा प्रांतातल्या आयनोकुरा आणि सुगानुमा या दोन वाड्यांसह तिला १९९५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या दर्जाबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे. आपण बोलणार आहोत ते छपराबद्दल, आणि ते छप्पर वर चढवणाऱ्या हातांबद्दल.

या घरांना ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे जोडलेले हात, नमस्काराचे. समोरून पाहिलं की नाव कसं पडलं ते कळतं. छप्पर इतकं उभं ठेवायचं कारण बर्फ. इथला बर्फ ओला आणि जड असतो, आणि कडक हिवाळ्यात तो जमिनीवर दोन मीटरपर्यंत साचतो. पसरट छप्पर त्याखाली टिकणार नाही.

घराचा खालचा भाग सुतारांनी बांधायचा, खांब आणि तुळया नीट तासून, खाचांत बसवून. वरचं छप्पर मात्र गावाने. त्या वरच्या भागात खिळा नाही. मोठे वासे टोकाला पेन्सिलीसारखे निमुळते करतात आणि तुळईच्या खोबणीत नुसते टेकवतात. सांधे बांधायला भाताच्या पेंढ्याचा दोर आणि ‘नेसो’ नावाच्या झाडाच्या फांद्या. या फांद्या ओल्या असतानाच पिळून गुंडाळायच्या. वाळल्या की त्या आवळतात. वारा आला, जमीन हादरली, की छप्पर किंचित हलतं आणि पुन्हा आपल्या जागी बसतं. घट्ट ठोकलेलं असतं तर मोडलं असतं. जर्मन वास्तुकार ब्रूनो टाउट १९३५ साली इथे आला होता, तो या रचनेतल्या तर्कावर खूश झाला.

घरांची तोंडंही एकाच दिशेला. खोरं दक्षिणोत्तर आहे, वारा त्याच रेषेत वाहतो, म्हणून घराची त्रिकोणी बाजू वाऱ्याकडे आणि छपराच्या दोन्ही पाखी पूर्वेला आणि पश्चिमेला. सकाळचं ऊन एका पाखीवर, दुपारचं दुसरीवर. बर्फ दोन्हीकडून वितळतो, गवत दोन्हीकडून वाळतं.

[दृश्य : घराच्या आत. जमिनीतली चौकोनी चूल, वर टांगलेली किटली. धूर वर जातो.]

चुलीला इथे ‘इरोरी’ म्हणतात. तिला धुराडं नाही, आणि ते मुद्दामच नाही. धूर माळ्यांमधून झिरपत छपरापर्यंत जातो, गवतातली ओल शोषतो, किडे मारतो, दोरांवर काजळीचा थर चढवतो. वरच्या मजल्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत, त्यांनाही ही ऊब लागायची. जमिनीखाली खड्ड्यांत गवत, माती आणि रेशीमकिड्यांची विष्ठा कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत. एकाच घराच्या पोटात असा शेतीपलीकडचा सगळा रोजगार होता.

धूर नीट लागला तर छप्पर तीस-चाळीस वर्षं टिकतं. मग ते उतरवायचं आणि नवं चढवायचं.

आपल्याकडे कोकणात पावसाआधी शाकारणी करायचे, ती दरवर्षीची. इथली शाकारणी माणसाच्या आयुष्यात दोनदा येते, फार तर तीनदा. एकदा तरुणपणी छपरावर चढून, आणि एकदा म्हातारपणी अंगणातून हाका देत. मधल्या काळात ते कसब विसरायचं नसेल तर दुसऱ्यांच्या छपरांवर चढत राहावं लागतं. या गावात शेजाऱ्याला मदत करणं आणि स्वतःचं शिक्षण चालू ठेवणं ही एकच गोष्ट होती.

[दृश्य : माळ्यावरचा अंधार. गवतातून एक भली मोठी लाकडी सुई आत घुसते. आतला माणूस तिच्यातला दोर काढतो, वाशाला वळसा घालतो, सुई परत बाहेर ढकलतो.]

हे दृश्य नीट बघा. बाहेरचा माणूस सुई खुपसतो तेव्हा त्याला आतलं काहीच दिसत नाही. आतल्याला बाहेरचं दिसत नाही. गवताचा जाडजूड थर मध्ये आहे आणि दोघं नुसत्या हाकांवर काम करतात. असे टाके छपरावर शेकडो पडतात. अनोळखी माणसाबरोबर हे काम होत नाही असं नाही, पण ज्याचा आवाज लहानपणापासून कानात आहे त्याच्याबरोबर ते सोपं होतं.

या श्रमाला इथे ‘युई’ म्हणतात. मराठीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे सावड आहे. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी; पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, दिवस फेडायचे. युई तीच. फरक एवढाच, की सावड हंगामात फिटते आणि युई फिटायला पिढी जाते.

म्हणून इथे वही होती. कोणाच्या छपराला कोणी किती पेंढ्या दिल्या, किती दोर वळून आणला, किती दिवस किती माणसं पाठवली, कोणी तांदूळ दिले, सगळं लिहून ठेवायचं. त्या घरावर पाळी आली की वही उघडायची आणि तेवढंच परत करायचं. आजोबांनी घेतलेलं नातवाने फेडायचं. छपराची एक पाख करायला शंभर ते दोनशे माणसं लागतात, हजारो पेंढ्या लागतात. एका घराने एकट्याने एवढं गवत कापायचं म्हटलं तर वर्षानुवर्षं साठवावं लागेल. त्यावर गावाने काढलेला तोडगा म्हणजे गवताची भिशी. ‘काया-तानोमोशी’ हे तिचं नाव. दरवर्षी सगळ्यांनी आपल्या वाट्याचं गवत कापायचं आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारात टाकायचं.

मला या सगळ्यात आणखी एक शब्द फार मोलाचा वाटतो : ‘कोर्याकु’. कुणाचं घर जळालं, कुणावर आपत्ती आली, तर तिथे केलेल्या मदतीला कोर्याकु म्हणत. ती फेडायची नसते. म्हणजे ज्या गावाने पेंढीपेंढीचा हिशेब ठेवला, त्याच गावाने हिशेब कुठे थांबवायचा तेही ठरवलं होतं, आणि त्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवला होता.

आणि ज्या दिवशी छपरावर दोनशे माणसं असतात, त्या दिवशी दोनशे माणसांचं जेवणही असतं. खाली भात शिजतोय, रस्सा उकळतोय, चहाची भांडी फिरताहेत. हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी उचललं. छपराच्या छायाचित्रांत त्या क्वचित दिसतात. म्हणून आमचा कॅमेरा आता थोडा वेळ इथे थांबतो.

[दृश्य : स्वयंपाकघर. वाफ. हात.]

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मग धरणाचं पाणी.]

१९२४ च्या सुमारास शिराकावा गावाच्या हद्दीत अशी तीनशेच्या आसपास घरं होती. १९६१ पर्यंत ती दोनशेच्या आत आली. शोगावा नदीवर धरणं झाली. त्यातलं मिबोरो धरण १९६१ चं, त्याच्या पाण्याखाली वस्त्या गेल्या. काही घरं आगीत गेली. काही घरं शहरातल्या लोकांनी विकत घेतली आणि उपाहारगृहं, पर्यटनस्थळं करायला उचलून नेली. रेशमाचा धंदा बसला, तरुण शहरांकडे निघाले, आणि युईला माणसं पुरेनात. काझुरा नावाची एक दूरची वाडी १९६७ साली एकत्र निर्णय घेऊन उठली. हिवाळ्यात वाट बंद व्हायची, तिथे राहणं अशक्य झालं होतं. तिची घरं आज ओगिमाचीच्या नदीपलीकडे संग्रहालयात उभी आहेत. नीट राखलेली आहेत, पण त्यांत रात्री कुणी झोपत नाही.

ओगिमाचीने हे डोळ्यांसमोर पाहिलं. १९७१ साली गावकऱ्यांनी संरक्षणासाठी आपली संघटना केली आणि तीन नियम घालून घेतले : विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारने या वस्तीला संरक्षित दर्जा दिला तो १९७६ साली, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. आधी गावाने ठरवलं, कायदा मागून आला. स्वतःच्या घराबद्दलचा स्वतःचा हक्क शेजाऱ्यांच्या हाती सोपवायचा, हे सोपं नाही. घरात पैशांची गरज असताना, दारात गिऱ्हाईक उभं असताना, ‘विकायचं नाही’ या दोन शब्दांचं वजन काय असेल याचा विचार करा.

आता खरी परिस्थिती सांगायला हवी. आज बहुतेक छपरं युईने होत नाहीत. ठरलेले कारागीर येतात, सरकारी अनुदान मिळतं, तरी खर्च मोठा असतो. घरोघरी हीटर आल्याने इरोरी विझल्या, धूर कमी झाला आणि गवत पूर्वीपेक्षा लवकर कुजायला लागलं. गावाचे कुरणमाळ कमी झाले, म्हणून गवत बाहेरून येऊ लागलं. फुजी पर्वताच्या पायथ्याच्या गोतेंबामधूनसुद्धा. पण युई संपलेली नाही. २००१ साली नागासे घराण्याच्या पाच मजली घराचं छप्पर बदललं तेव्हा पाचशेच्या आसपास लोक जमले होते, त्यांत बाहेरगावचे स्वयंसेवकही होते. अजूनही काही घरं ठरवून युईने शाकारली जातात. कारागिरांनी केलेलं छप्पर कदाचित जास्त नेटकं असतं. पण त्या छपरासाठी कुणी कुणाचं देणं लागत नाही, आणि या गावाला जोडून ठेवणारी दोरी ते देणंच होती असं मला वाटतं.

[दृश्य : शरद ऋतू. लाल-पिवळे डोंगर. अचानक गावभर पाण्याचे उंच फवारे उठतात, छपरं पाण्याच्या पडद्याआड जातात.]

ही कारंज्यांची आतषबाजी वाटेल. ही आगीची तालीम आहे.

वाळलेल्या गवताच्या गावात एक ठिणगी पुरते. म्हणून ओगिमाचीत ५९ पाणीतोफा बसवल्या आहेत, आणि त्यांना झाकणाऱ्या पेट्याही छोट्या गाश्शो घरांच्या आकाराच्या केल्यात. पाण्याची टाकी वर डोंगरावर आहे, त्यामुळे वीज गेली तरी दाब राहतो. वर्षातून एकदा, शरदात, गावकरी या तोफा स्वतः चालवून बघतात. २०१९ च्या नोव्हेंबरात नदीपलीकडच्या वाहनतळाजवळ शेड पेटली, तेव्हा ही तयारी उपयोगी पडली. आग घरांपर्यंत आली नाही.

पण आग राखण्याचं खरं काम यंत्राचं नाही, पाळीचं आहे. गावातले लोक आळीपाळीने, दिवसातून अनेकदा, वाडीभर फिरून विस्तव बघतात. पाऊस असो, बर्फ असो. घरात सिगारेट विझवली का, चूल राखेखाली झाकली का, हे विचारणारा माणूस शेजारीच असतो. आज त्याची पाळी, उद्या तुमची.

[दृश्य : ऑक्टोबर. हाचिमान देवस्थान. सिंहाचं सोंग, बासऱ्या, ढोल.]

१४ आणि १५ ऑक्टोबरला इथे दोबुरोकुचा उत्सव असतो. दोबुरोकु म्हणजे न गाळलेली, ताकासारखी दाट, पांढरी भाताची दारू. जपानमध्ये घरी दारू गाळायला कायद्याची मनाई आहे, पण या देवस्थानाला तिची खास परवानगी आहे. हिवाळ्यात देवळाच्या आवारातच ती लावतात, गावकरीच लावतात. उत्सवात ती आधी देवाला, मग रांगेत बसलेल्या प्रत्येकाला. पांढरे ॲप्रन घातलेल्या बायका किटल्या घेऊन पंगतीतून फिरतात आणि वाढतात. पाहुणा कुठला, हे कुणी विचारत नाही.

पाहुणे मात्र पुष्कळ झालेत. सगळ्या शिराकावा गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास, आणि कोरोनाच्या आधीच्या वर्षांत इथे दरवर्षी पंधरा लाखांहून जास्त लोक यायचे. हिवाळ्यातल्या दिव्यांच्या रात्री बघायला आता आधी नाव नोंदवावं लागतं; २०१९ पासून तो नियम आहे. पर्यटनाने घरं वाचली, हे खरं आहे. खाणावळी चालतात, मुक्कामाच्या घरांना गिऱ्हाईक मिळतं, मुलांना गावात राहण्याचं कारण सापडतं. आणि कुणीतरी कॅमेरा घेऊन सरळ तुमच्या परसात शिरतं, हेही खरं आहे. आम्हीही कॅमेरा घेऊनच आलो आहोत, म्हणून या चित्रफितीत एकाही राहत्या घराच्या आतलं दृश्य विचारल्याशिवाय घेतलेलं नाही.

[दृश्य : उतरतं ऊन. उताराच्या कुरणात लोक विळ्यांनी गवत कापताहेत. पेंढ्या उभ्या करून, वर बांधून, शंकूसारखे भारे रचले जातात.]

बर्फ पडायच्या आधी हे गवत कापायचं असतं. ते वाळेल, माळ्यावर चढेल आणि तिथे एखादं-दोन वर्षं पडून राहील.

[दृश्य : जानेवारीची रात्र. खिडक्यांचा पिवळा उजेड. बर्फातून चालणारी दोन माणसं, हातात लाकडी टिपऱ्या. टक्, टक्.]

‘हि नो योजिन.’ विस्तव जपा.

[टिपऱ्यांचा आवाज दूर जातो. एका खिडकीतला दिवा मालवतो.]