क्लेअरची पोटनिवडणूक आणि चाळीस शिलिंगांचे मतदार

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाची काउंटी आहे. 1801 ते 1885 पर्यंत ही अख्खी काउंटी एकच मतदारसंघ होती आणि तिथून लंडनच्या पार्लमेंटात दोन खासदार जात. हा मतदारसंघ इतिहासात गाजला तो 1828 च्या पोटनिवडणुकीमुळे.

आधी मतदार कोण, ते पाहू. खंड वजा जाता जमिनीतून वर्षाला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, पदरात पडतात असं शपथेवर सांगेल तो मतदार. मात्र पट्टा ठरावीक वर्षांचा चालत नसे, हयातीचाच लागे. त्यात बहुधा तीन जणांची नावं घालत आणि त्यांतला शेवटचा मरेपर्यंत पट्टा टिकत असे. आयर्लंडमधली बहुतेक कुळं कॅथलिक होती. 1793 मध्ये कॅथलिकांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा जमीनदारांनी साधा हिशेब केला: जितकी कुळं, तितकी आपली मतं. हयातीचे पट्टे भराभर वाटले गेले. मतदान तोंडी होतं. कुळानं सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव घ्यायचं आणि ते ऐकायला जमीनदाराचा कारभारी हजर. ज्याचा खंड थकलाय, तो दुसरं नाव घेणार कसा?

1828 मध्ये क्लेअरचे खासदार विल्यम व्हेसी-फिट्झजेरल्ड व्यापार मंडळाचे अध्यक्ष झाले. मंत्रिपद घेतलं की खासदारकी सोडून पुन्हा लोकांपुढे जायचं, असा तेव्हाचा नियम. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कॅथलिक असोसिएशन या संघटनेनं त्यांच्याविरुद्ध प्रॉटेस्टंट उमेदवार शोधला, पण मिळेना. कारण गृहस्थ स्वतःच कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूचे होते! शेवटी वकील डॅनियल ओ'कॉनेल स्वतः उभे राहिले. कॅथलिकाला निवडणूक लढवायला कायद्याची बंदी नव्हतीच. अडसर होता तो पुढे, सभागृहातल्या शपथेत. कॅथलिकांची मास, म्हणजे त्यांची चर्चमधली मुख्य उपासना, ही मूर्तिपूजा आहे, असं तिथे म्हणावं लागे.

एनिस या काउंटीच्या मुख्य गावी पाच दिवस मतदान चाललं. गावोगावचे पाद्री कुळांना सोबत घेऊन आले. दारूला शिवायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. दंगा झाला असता तर सरकारला आयतं निमित्त मिळालं असतं. ओ'कॉनेलना 2,057 मतं पडली, फिट्झजेरल्डना 982. जमीनदारांनीच वाढवलेले मतदार त्यांच्यावर उलटले. दोन वर्षांपूर्वी वॉटरफर्ड काउंटीत याची चुणूक दिसली होती, पण तिथला उमेदवार प्रॉटेस्टंट होता.

13 एप्रिल 1829 ला कॅथलिकांना पार्लमेंटात बसू देणारा कायदा झाला. मात्र त्याच्या जोडीला दुसराही आला. आयर्लंडच्या काउंट्यांमध्ये मताची अट दोन पौंडांवरून दहा पौंडांवर गेली आणि दोन लाखांहून अधिक मतदारांची संख्या चाळीस हजारांच्या आत आली. ज्यांनी लढाई जिंकून दिली, त्यांचंच मत गेलं. ओ'कॉनेलनी हा सौदा चालवून घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात टोचणारा भाग आहे. खुद्द त्यांनाही नव्या कायद्याचा फायदा लगेच मिळाला नाही. तो पुढे निवडून येणाऱ्यांसाठी होता. मे महिन्यात त्यांनी जुनी शपथ घ्यायला नकार दिला, जागा रिकामी ठरली आणि 30 जुलैला ते बिनविरोध परत आले.

तोंडी मतदान 1872 मध्ये संपलं, गुप्त मतदान आलं. 1885 मध्ये काउंटीचे पूर्व आणि पश्चिम क्लेअर असे दोन मतदारसंघ झाले, प्रत्येकी एक खासदार. पूर्व क्लेअरचे विली रेडमंड जून 1917 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मेसिनच्या लढाईत पडले. पोटनिवडणुकीत आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एमन डी व्हॅलेरा यांना 5,010 मतं मिळाली, पॅट्रिक लिंच यांना 2,035. डी व्हॅलेरांनी वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटात, पाऊल न ठेवण्याचं आधीच सांगितलं होतं. 1918 मध्ये तर त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. 1922 मध्ये आयर्लंडचा बहुतेक भाग ब्रिटनपासून वेगळा झाला आणि क्लेअरच्या वेस्टमिन्स्टरमधल्या जागा कायमच्या गेल्या. पुढे डब्लिनच्या डॉलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेच्या सभागृहात, डी व्हॅलेरा याच क्लेअरचे प्रतिनिधी राहिले, 1959 मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत.