प्लेट जुनी चालेल, रॉड बघून घ्या

नमस्कार मंडळी. दिवाळीचा बोनस हातात पडला की दरवर्षी कुणीतरी ठरवतंच, आता जिमची फी बंद, सगळं सामान घरातच आणायचं. आज जरा त्या माणसाशी बोलायचंय.

मोबाईल उघडला की पहिल्यांदा दिसतो तो वजनांचा कॉम्बो. 20 किलो, 50 किलो, वर हातमोजे, दोरी, बॅग सगळं फुकट. आता त्यातल्या प्लेटा, म्हणजे रॉडच्या टोकांना चढवायची गोल वजनं, बऱ्याचदा प्लास्टिकच्या असतात, आत सिमेंट नाहीतर वाळू भरलेली. वजन म्हणून चालतं की, पण जाडीला इतक्या असतात की रॉडवर दोन-तीन चढवल्या की जागाच संपली, आणि फरशीवर एकदा जोरात आपटली की कड उकलते आणि मग रोज झाडू मारताना पूड निघत बसते. आमच्या भाच्याकडं अशी एक प्लेट चिकटपट्टीवर जगतीय अजून.

माझं म्हणणं एवढंच, की वजनावर पैसे वाचवा, पण वजन पेलणाऱ्या वस्तूवर वाचवू नका. लोखंडाची प्लेट जुनी झाली म्हणून हलकी होत नाही. एखादी व्यायामशाळा सामान काढत असेल, कुणाची बाल्कनीत पडून असेल, तर बिनधास्त घ्या, फक्त किलोवर भाव काढा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा ठेवून बघा, कारण 10 लिहिलेली प्लेट 10 भरेलच असं नाही. दोन्ही बाजूच्या प्लेटा सारख्या भरल्या पाहिजेत, ते जास्त महत्त्वाचं. आणि होल मोजा. साध्या रॉडच्या प्लेटांचं होल साधारण 28-30 मिलीमीटरचं असतं, ऑलिम्पिक रॉडचं टोक 50 मिलीमीटरचं, ह्याच्या प्लेटा त्याला बसत नाहीत आणि मग दोन्ही घरात पडून राहतं.

रॉड मात्र नीट बघून घ्यायचा. आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरनं 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात सिल्व्हर मेडल घेतलं, स्नॅच (एका झटक्यात थेट डोक्यावर) 113 आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 135, असे मिळून 248 किलो. तसला स्पर्धेचा पुरुषांचा रॉड 20 किलोचा असतो, 28 मिलीमीटर जाड, आणि त्याची टोकं बेअरिंगवर फिरतात, म्हणजे रॉड झटक्यात वर घेताना प्लेटा आपल्या आपण फिरतात, मनगटाला पीळ बसत नाही. घरी बेंच प्रेस (बेंचवर झोपून रॉड वर ढकलणं) आणि स्क्वॅट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) करणाऱ्याला इतकं भारी लागत नाही, पण सरळ रॉड तरी पाहिजे ना! दुकानात रॉड सपाट फरशीवर ठेवा आणि हातानं लोटा. गपगार घरंगळत गेला तर ठीक, मधेच उड्या मारत गेला की समजायचं वाकलाय. दुकानदार बघेल तुमच्याकडं, बघू दे.

बेंचचं स्टिकर वाचताना लोक फसतात बघा. 150 किलो लिहिलंय म्हणून खूश होतात, पण त्यात तुम्हीपण आला ओ. तुम्ही 80 आणि रॉडसकट वजन 60, झाले 140, उरलं काय? बेंच उलटा करून खालून बघा, पाठ वर-खाली करायची पिन जिथं बसते तिथलं वेल्डिंग सलग आहे का नुसते टाके मारलेत ते कळतं. पाईपचा गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, विचारा. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड, म्हणजे 16 गेज साधारण 1.6 मिलीमीटर आणि 14 गेज 2 मिलीमीटर. स्क्वॅटसाठी रॉड टेकवायचा स्टँड तर कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडनं करून घेता येतं, उंची आपल्या मापाची मिळते, फक्त दोन इंची चौकोनी पाईप, जाड गेज आणि खाली रुंद पाय सांगायला विसरू नका.

नदीकाठच्या लोकांसाठी एक वेगळंच गणित आहे. 2019 ला आणि परत 2021 ला सांगलीच्या गावभागात पुराचं पाणी शिरलं, तळमजल्यावर सामान असेल तर काय राहतं विचार करा. लोखंडी प्लेट धुतली, तारेच्या ब्रशनं घासली, तेलाचा हात फिरवला की परत कामाला. बेंचचा फोम गेला, आणि ट्रेडमिलची मोटर तर गेलीच गेली.

ट्रेडमिलचं निघालंच आहे तर, जाहिरातीत जो हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात असतो तो पीक असतो, क्षणभराचा. तुम्ही विचारायचा कंटिन्युअस, म्हणजे सलग चालताना मिळणारा. नुसतं चालायचं असेल तर दीड-दोनमध्ये भागतं, पळायचं असेल तर अडीच-तीन बघा, आणि पट्टा लांब घ्या, नाहीतर उंच माणसाचा पाय मागं रोलरवर पडतो. जुनी घेत असाल तर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला सोबत न्या, काका असतील तर काका, आणि दहा मिनिटं चालवा त्यांना. पट्टा एका बाजूला सरकतोय का, पाय टेकला की अडखळतोय का बघा. मोटरचा जळका वास आला तर चहा प्या आणि काकांना घेऊन घरी या.