लाट कळते, पण खाली दिसेल किती ते कळत नाही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते थंड पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगबद्दल, आणि तेही पाणी निवळ असेल की गढूळ हे माहीत नसताना दोन दिवसांचा बेत कसा आखायचा त्याबद्दल. मी राहते सॅन होजेला, गाव माझं पुणे, आणि पाण्याखाली पहिल्यांदा डोकं घातलं ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथेच घातलं असणार. पाणी 27-28 डिग्री, मागून एकाने आपली टाकी धरलेली, आपण फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. फार सुंदर अनुभव, त्यात काही कमी नाही. पण त्या अनुभवावर इकडे कॅलिफोर्नियात येऊन "चला या वीकेंडला मॉन्टेरेला डाइव्ह करू" असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते, कारण मॉन्टेरेचं पाणी साधारण 10 ते 14 डिग्री असतं, मागून टाकी धरायला कोणी नसतं, आणि कधी 40 फूट दिसतं तर कधी आपल्याच हाताचा पंजा धूसर दिसतो.

आधी हे पाणी असं का, ते थोडं सांगते, कारण ते कळलं की बेत आखणं सोपं जातं. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत इथे किनाऱ्याला समांतर असा वायव्येचा वारा वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला खोलातलं गार पाणी वर येतं, याला अपवेलिंग म्हणतात. त्यात मॉन्टेरे बेच्या मधोमध मॉस लँडिंगपासून सुरू होणारी प्रचंड दरी आहे पाण्याखाली, ती पुढे 3,000 मीटरच्याही खाली जाते. तर हे वर आलेलं पाणी ताजं असतं तेव्हा गार पण स्वच्छ असतं, हे लक्षात ठेवा. मात्र त्यात खतासारखे क्षार भरपूर, आणि चार-सहा दिवस चांगलं ऊन पडलं की त्यात प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं आणि सगळं हिरवंगार होतं, पालकाचं सूप केल्यासारखं. याच हिरव्या पाण्यावर इथलं सगळं जगतं, केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, रान, मासे, सील, व्हेल, सगळे. त्यामुळे गढूळ पाण्यावर चिडायचं कशाला असं मला मनापासून वाटतं, ते गढूळ आहे म्हणून तर इथे बघण्यासारखं इतकं आहे.

साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर दिसण्याच्या दृष्टीने सगळ्यात चांगला काळ, वारा पडलेला असतो, हिवाळ्यातली मोठी वादळं सुरू व्हायची असतात. हिवाळ्यातही दोन वादळांच्या मधे कधी निवळशंख पाणी मिळतं. पण हे झालं साधारणपणे. या शनिवारी सकाळी आठ वाजता किती दिसेल हे कोणीही सांगू शकत नाही, कोणतंही ॲप नाही, काल डाइव्ह करून आलेला माणूसही नाही. आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे: लाट आधी कळते, व्हिझिबिलिटी कळत नाही. म्हणून बेत लाटेवर आखायचा, आणि दिसण्याच्या बाबतीत वाईटच मिळणार असं धरून चालायचं.

लाटेचं कसं बघायचं. गुरुवारी रात्री जेवणं आटोपली की मी फोन घेऊन बसते. समुद्रात बोये, म्हणजे लाटा मोजणारी तरंगती यंत्रं, सोडलेले आहेत, त्यांचं रीडिंग कोणालाही फुकट बघता येतं. मॉन्टेरेसाठी 46042 नंबरचा बोया बाहेरच्या समुद्रात आहे, आणि 46240 कॅब्रिलो पॉइंटजवळ, म्हणजे अगदी किनाऱ्याशी. तिथे तीन गोष्टी बघायच्या, लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, आणि दिशा. नवीन लोक फक्त उंची बघतात आणि फसतात. चार फुटांची लाट 8 सेकंदांची असेल तर तिची लांबी होते सुमारे 100 मीटर, आणि तीच चार फुटांची लाट 16 सेकंदांची असेल तर लांबी सुमारे 400 मीटर. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते. म्हणजे 8 सेकंदांची लाट तळाशी येईपर्यंत बरीच दमलेली असते, पण 16 सेकंदांची लाट 50 फुटांवरही आपल्याला झोपाळ्यासारखं पुढे-मागे नेते, वाळू उचलते, आणि दिसायचं बंद होतं. वर बघावं तर समुद्र शांत वाटतो! म्हणून मोठ्या सेकंदांची मला जास्त भीती वाटते.

आता जागा. आमचा बेत नेहमी तीन पायऱ्यांचा असतो. पहिली पसंती पॉइंट लोबॉस, कार्मेलच्या दक्षिणेला, तिथल्या व्हेलर्स कोव्ह नावाच्या छोट्या खाडीत उतरायचं. पण हे राखीव क्षेत्र आहे, दिवसाला ठरावीक डायव्हर सोडतात, आधी बुकिंग करावं लागतं, आणि एकट्याने उतरता येत नाही. हा कोव्ह उत्तरेला उघडतो, त्यामुळे वायव्येची मोठी लाट असेल तर आत शिरते. तेव्हा दुसरी पायरी, मॉन्टेरे शहरातलं ब्रेकवॉटर, सॅन कार्लोस बीच. दगडी धक्क्याच्या आडोशाला असल्यामुळे बाकी सगळीकडे खवळलेलं असतानाही तिथे बहुतेक वेळा उतरता येतं. तोटा असा की डायव्हिंग शिकवणारे सगळे क्लास तिथेच येतात आणि तळाची बारीक रेती उडवून ठेवतात, म्हणून सकाळी सातला पार्किंगमध्ये हजर राहायचं, नऊनंतर गेलात तर गाडी लावायला जागाही नाही आणि पाणीही ढवळलेलं.

तिसरी पायरी म्हणजे उतरायचंच नाही. ही पायरी लोक बेतात लिहीत नाहीत आणि म्हणून चुका होतात. दोन तास गाडी चालवली, टाक्या भाड्याने घेतल्या, हॉटेलचे पैसे भरले, आता न उतरता परत कसं जायचं, ही भावना माणसाला पाण्यात ढकलते. आम्ही म्हणून रद्द झाला तर काय करायचं ते आधीच ठरवतो. मॉन्टेरेचं ॲक्वेरियम आहे, 1984 साली सुरू झालेलं, तिथे 28 फूट उंचीची टाकी आहे आणि तिच्यात खरं केल्प वाढतं, मुलं तिथे काचेला नाक लावून तासभर उभी राहतात. तोही चांगलाच शनिवार जातो.

एक जागा आमच्या बेतात कधीच नसते, मोनास्टरी बीच. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखालची दरी सुरू होते, दृश्य अप्रतिम म्हणतात, पण वाळू जाडी आणि उतार इतका तीव्र की पायाखालून सरकते, लाट थेट किनाऱ्यावर येऊन फुटते आणि पडलेल्या माणसाला परत ओढते. अनेक जीव गेलेत तिथे, इथले डायव्हर त्याला दुसऱ्याच नावाने, मॉर्च्युरी बीच म्हणतात. अनुभवी लोक जातात, आणि तेसुद्धा बाहेर येताना रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी तोंडातली नळी, तोंडातच ठेवून, उभं राहण्याच्या भानगडीत न पडता चार हातापायांवर रांगत येतात. तुमचा इथला अनुभव दहा-वीस डाइव्हचा असेल तर कृपा करून तिकडे जाऊ नका.

थंडीबद्दल. पाणी आपल्या अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. मालवणला टी-शर्टवर चालतं, इथे 7 मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, डोक्याला हूड, हातमोजे, बूट, किंवा मग आत पाणी न शिरणारा ड्रायसूट, पण ड्रायसूटचं वेगळं शिक्षण घ्या, त्यातली हवा सांभाळायला शिकावं लागतं. आपल्याला वाटतं वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी गरम राहतं म्हणून ऊब मिळते. खरं तर ऊब देतात त्या निओप्रीनमधल्या, म्हणजे सूटच्या रबरामधल्या, हवेच्या लाखो बारीक फुग्या, हे बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखलं आणि त्यातून आजचा वेटसूट आला. इथल्या सी ऑटरचं, म्हणजे समुद्री पाणमांजराचंही तेच आहे बघा, त्याच्या अंगावर चरबीचा थर नाही, एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस आणि त्यात अडकलेली हवा, तेवढ्यावर तो आयुष्यभर या पाण्यात राहतो. फरक असा की आपण खाली गेलो की दाबाने आपल्या फुग्या चेपतात, 33 फुटांवर दाब दुप्पट होतो, सूट पातळ होतो आणि नेमकी जिथे जास्त गरज तिथे ऊब कमी पडते. शिवाय एवढा जाड सूट तरंगतो, म्हणून शिसं लागतं, मला 26 पाउंड लागतं, आणि ते अंगावर घेऊन वाळूतून चालणं हीच अर्धी मेहनत.

थंडीचा खरा त्रास दुसऱ्या डाइव्हला होतो. पहिल्या डाइव्हनंतर "मी ठीक आहे" वाटतं, पण अंग आतून निवलेलं असतं. म्हणून मधला वेळ नीट घालवा. ओला सूट कमरेपर्यंत उतरवून वर जाड जॅकेट आणि कानटोपी, वाऱ्यापासून आडोसा, आणि पोटात गरम काहीतरी. आम्ही मोठ्या थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि रुंद तोंडाच्या डब्यात मऊ भात, तूप, मेतकूट घेऊन जातो, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एक थर्मास नुसत्या कोमट पाण्याचा, दुसऱ्या डाइव्हच्या आधी हातमोज्यात ओतायला. आणि बोटं बधिर झाली, बकल उघडायला वेळ लागायला लागला किंवा खाली हुडहुडी भरली की डाइव्ह संपली, मीटरवर हवा कितीही असो. मनगटावरचा डाइव्ह कम्प्युटर अजून वेळ देत असला तरी थंडीत त्याच्या टोकापर्यंत जायचं नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगते, जी सांगायला मला अजून जड जातं. तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी बडी, म्हणजे डाइव्हमधली जोडीदार, नागपूरची मैत्रीण, ब्रेकवॉटरला उतरलो. तिथे तळाशी एक जुना पाइप आहे, तो धरून गेलं की 40-50 फुटांवर पांढऱ्या, फुलकोबीसारख्या मोठ्या मेट्रिडियमचं, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचं, शेतच लागतं. वर हिरवं पाणी, खाली अंधार, दिसत होतं जेमतेम पाच फूट. मी एका फुलाकडे टॉर्च मारून बघत राहिले, दहा सेकंद असतील, आणि मान वळवली तर ती नाही. नियम आम्हाला दोघींनाही माहीत होता, एक मिनिट शोधायचं आणि मग सावकाश वर यायचं. पण मला वाटलं ती इथेच आहे, आता दिसेल, आता दिसेल, आणि मी चार-पाच मिनिटं तिथेच गोल फिरत राहिले. ती मात्र नियमाप्रमाणे वर गेली होती. मी वर आले तेव्हा ती पाण्यावर माझ्या बुडबुड्यांचा माग शोधत होती आणि रडत होती. ती चार मिनिटं मी तिला दिली, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून आम्ही वाळूवर उभं राहून, सूट घालायच्या आधी, मोठ्याने बोलतो. किती फूट दिसलं नाही तर परत फिरायचं, आमचा आकडा आठ फूट आहे. हरवलो तर एक मिनिट, घड्याळ बघून. टाकीतल्या हवेचा दाब 3,000 पीएसआयला सुरू, 2,000 झाली की मागे वळायचं, किनाऱ्यावर 1,000 शिल्लक असताना यायचं, कारण वर केल्प दाट असेल तर त्याच्यावरून रांगत यावं लागतं आणि तेवढ्यापेक्षा खालून जायला हवा असलेली बरी. कंपास कोणाकडे, पुढे कोण. दोघींकडे टॉर्च, भर दुपारी सुद्धा, कारण वरचे 15-20 फूट हिरवे असले की खाली संध्याकाळ असते, जरी खालचं पाणी स्वच्छ असलं तरी. आणि कोणीही, कधीही, कारण न सांगता अंगठा वर करून डाइव्ह संपवू शकते, आणि दुसरीने नंतर गाडीतसुद्धा "का गं?" विचारायचं नाही. हे शेवटचं पाळायला सगळ्यात अवघड आहे, पण ते पाळलं नाही ना तर पुढच्या वेळी ती अंगठा दाखवायला कचरते.

किनाऱ्यावर माझा नवरा असतो, त्याच्याकडे कागदावर लिहिलेलं असतं, कुठे उतरलो, किती वाजता, किती वाजेपर्यंत वर दिसलो पाहिजे आणि नाही दिसलो तर फोन कुठे करायचा.

पोचल्यावर लगेच सूट चढवू नका. वीस मिनिटं नुसतं पाणी बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मधे दहा-बारा मिनिटं काही नसतं, आणि नेमकं त्या शांततेत आपण पोचलेलो असतो. केल्पची पानं एकाच दिशेला ताणलेली दिसली तर ओढ आहे. उतरणाऱ्यांना नाही, बाहेर येणाऱ्यांना विचारा किती दिसलं, आणि कोणत्या खोलीवर ते पण विचारा. तरीसुद्धा खात्री तुमचं डोकं पाण्याखाली गेल्यावरच होणार. आम्ही किनाऱ्याजवळच्या खुणेच्या बोयाजवळ पोहत जातो, दहा फूट खाली जाऊन एकमेकींचे हात लांब करून बघतो, फिन्स, म्हणजे पायातली वल्ही, दिसतात का. दिसल्या तर पुढे.

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही शनिवारी असंच खाली गेलो आणि फिन्स दिसल्या नाहीत. परत आलो, भात खाल्ला, पोरांना घेऊन ॲक्वेरियमला गेलो. रविवारी सकाळी वारा पडलेला होता, त्याच जागी पुन्हा उतरलो, 15 फुटांपर्यंत हिरवं, आणि त्याच्या खाली एकदम पडदा बाजूला केल्यासारखं झालं, पाइपच्या दोन्ही बाजूंना मेट्रिडियमची पांढरी रांग लांबपर्यंत दिसत होती आणि धक्क्यावरचे दोन सी लायन आमच्याभोवती गिरक्या घेत होते. मैत्रिणीने माझ्या मनगटाला धरून ठेवलं होतं, पूर्ण वेळ.

या शनिवारी पुन्हा जातोय, लोबॉसचं बुकिंग आहे, बोया आत्ता पाच फूट 13 सेकंद दाखवतोय, त्यामुळे बहुतेक ब्रेकवॉटरलाच उतरू. गुरुवारी रात्री परत बघीन. नमस्कार.